गोपनीय अर्ज केला, तरी काकांना सांगावेच लागेल

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. आजोबांनी चार यंत्रमागांवर सुरू केलेला धंदा वडिलांनी आणि मधल्या काकांनी वाढवला. आज ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, हॉटेलांना आणि रुग्णालयांना लागणारे टॉवेल आम्ही निर्यात करतो आणि गेली तिन्ही वर्षे आमचा कामकाजातला नफा वीस कोटींच्या वर राहिला आहे. चिंचोलीत नवे प्रोसेसिंग हाउस उभारायचे असल्याने वडिलांनी आयपीओ आणायचे, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदाच लोकांना विकायचे, ठरवले आहे. आयपीओचे काम पाहणाऱ्या मुंबईच्या मर्चंट बँकरने शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीकडे गोपनीय मसुदा दाखल करण्याचा मार्ग सुचवला आणि वडिलांना तो फार पटला. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची; पैसे हाती येईपर्यंत गावात कुणाला कळायला नको,’ असे ते म्हणतात. त्यांचा रोख धाकट्या काकांकडे आहे. काकांकडे कंपनीचे सव्वीस टक्के शेअर आहेत, वाटणीच्या वेळचा एक वाद अजून मिटलेला नाही आणि त्यांच्या भागीदारी पेढीकडून आम्ही आजही सूत घेतो. शिवाय आमच्या विक्रीचा मोठा वाटा अमेरिकेतल्या एकाच ग्राहकाकडे जातो. ते आकडे स्पर्धकांच्या हाती पडतील याची मला धास्ती वाटते. एक परिचित म्हणतात की एसएमईच्या, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांसाठीच्या वेगळ्या बाजाराच्या, मार्गाने गेलात तर हा सगळा व्याप टळेल. कामगारांना काय सांगावे, हेही कळत नाही. मी कंपनीत संचालक आहे, पण घरात सर्वांत लहान. गोपनीय मार्ग घ्यावा का, आणि घेतला तर काकांना न सांगता तो पार पडेल का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. काकांना न सांगता हे काम पार पडणार नाही. कायदाच तसे होऊ देणार नाही. हे एकदा घरात मान्य झाले, तर गोपनीय मार्ग तुमच्या कंपनीला चांगला मानवेल असे माझे मत आहे, मात्र त्याची कारणे तुमच्या वडिलांच्या मनातल्या कारणांहून वेगळी आहेत. ती सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला घरी ती मांडता येतील.

आपल्याकडे ही सोय फार जुनी नाही. सेबीच्या संचालक मंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये तिला मान्यता दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भांडवल उभारणीविषयीच्या २०१८ च्या विनियमांत तिच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण घातले गेले. अमेरिकेत अशी सवलत २०१२ च्या जॉब्स कायद्याने वाढत्या कंपन्यांना मिळाली होती आणि २०१७ मध्ये तेथील नियामकाने ती सर्वच कंपन्यांना खुली केली. आपल्या नियमांची कल्पना तिथूनच आली, पण टप्पे आपले वेगळे आहेत. नेहमीच्या मार्गात कंपनी मसुदा माहितीपत्रक, म्हणजे डीआरएचपी, सेबीकडे देते त्याच वेळी ते लोकांसाठीही खुले होते. सेबी त्यावर शंका विचारते, मर्चंट बँकर उत्तरे देतात, मजकूर दुरुस्त होतो, आणि हे सगळे चालू असताना पहिला, कच्चा मसुदा कुणालाही वाचता येतो. गोपनीय मार्गात हाच मसुदा सेबीला आणि शेअर बाजारांना दिला जातो, परंतु लोकांपुढे येत नाही. सेबीचे अभिप्राय हाती आल्यानंतर, आणि आयपीओ आणायचा निर्णय पक्का झाल्यानंतरच, कंपनी ते अभिप्राय सामावून घेतलेला सुधारित मसुदा दाखल करते. त्याला यूडीआरएचपी-१ म्हणतात. तो लोकांच्या सूचनांसाठी किमान २१ दिवस खुला ठेवावा लागतो. त्या सूचनांनंतरचे बदल यूडीआरएचपी-२ मध्ये येतात आणि मग अंतिम टप्प्यातले माहितीपत्रक निघते.

यातून काय झाकले जाते आणि किती काळ, हे नीट पाहायला हवे. सेबीपासून काहीही झाकले जात नाही. तिच्याकडे जाणारा मसुदा नेहमीच्या मार्गातल्या मसुद्याइतकाच संपूर्ण असतो आणि तपासणीही तितकीच कसून होते. लोकांपासून जे झाकले जाते ते केवळ मधल्या काळापुरते. तुम्ही आयपीओ आणलात, तर आज ज्या गोष्टी वडिलांना सांगायच्या नाहीत त्यांतली एकूण एक गोष्ट यूडीआरएचपी-१ मध्ये छापलेली असेल, आणि तीही शेअर विकले जाण्याच्या आधी. पैसे हाती येईपर्यंत मूठ झाकलेली राहील हा त्यांचा हिशेब इथेच चुकतो. मूठ उघडल्याशिवाय कुणी त्यात पैसे ठेवणार नाही.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी मर्चंट बँकरने पहिल्या बैठकीत कदाचित ओघात सांगितली असेल आणि वडिलांच्या लक्षात आली नसेल. गोपनीय मसुदा दाखल केल्यावर कंपनीला लगोलग वृत्तपत्रांत जाहीर निवेदन द्यावे लागते: एका राष्ट्रीय इंग्रजी दैनिकात, एका राष्ट्रीय हिंदी दैनिकात आणि कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथल्या प्रादेशिक भाषेतल्या, चांगला खप असलेल्या दैनिकात. तुमचे नोंदणीकृत कार्यालय सोलापुरात असेल तर ते निवेदन मराठी पेपरात येईल. निवेदन लहानसे असते. त्यात कंपनीचे नाव, सेबीकडे आणि शेअर बाजारांकडे मसुदा पूर्व-दाखल केला आहे एवढे वाक्य, आणि अशा दाखल करण्याचा अर्थ कंपनी आयपीओ आणेलच असा नाही, असा खुलासा असतो. आकडे, रक्कम, तारीख यांपैकी काही देता येत नाही. तरीही टेक्स्टाइलच्या गावात हे चार ओळींचे निवेदन सकाळी नऊच्या आत सूत बाजारापासून बँकेपर्यंत पोहोचेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. काकांना ही बातमी पेपरातून कळावी यापेक्षा वाईट सुरुवात मला सुचत नाही.

प्रत्यक्षात मात्र ती त्यांना त्याच्या बऱ्याच आधी कळेल, आणि हा मुद्दा मी विस्ताराने मांडतो, कारण तुमच्या पत्रातला खरा गुंता हाच आहे.

तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. आयपीओसाठी ती आधी पब्लिक लिमिटेड करावी लागेल, त्यासाठी नियमावली बदलावी लागेल आणि कंपनी कायदा, २०१३ नुसार या बदलाला भागधारकांचा विशेष ठराव लागतो. पुढे नवे शेअर बाहेरच्यांना देण्यासाठी त्याच कायद्याच्या कलम ६२ खाली पुन्हा विशेष ठराव लागतो. विशेष ठराव म्हणजे ठरावाच्या बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत. काकांकडे सव्वीस टक्के आहेत. बाकीच्या चौऱ्याहत्तर टक्क्यांनी एकमुखाने ‘हो’ म्हटले आणि काकांनी ‘नाही’ म्हटले, तर सव्वीसच्या तिप्पट अठ्ठ्याहत्तर होतात आणि ठराव पडतो. म्हणजे काका केवळ माहिती मिळण्याचे हक्कदार नाहीत. त्यांच्या हाती प्रत्यक्ष नकाराधिकार आहे. सभेची सूचना, तिच्यासोबतचे स्पष्टीकरणात्मक निवेदन, हे सर्व भागधारक म्हणून त्यांना पाठवावेच लागेल, आणि ते पाठवण्यात कसूर झाली तर ठरावच आव्हानाला पात्र ठरेल. अशा कच्च्या पायावर उभा राहिलेला मसुदा सेबीकडे न्यावा, असे कुठलाही जबाबदार कंपनी सेक्रेटरी सुचवणार नाही.

समजा त्यांच्याकडे एकही शेअर नसता. तरीही त्यांचे नाव मसुद्यात आले असते. वडील प्रवर्तक, म्हणजे कंपनी चालवणारे मुख्य मालक, असतील, तर सेबीच्या व्याख्येप्रमाणे त्यांचे सख्खे भाऊ त्यांच्या निकटच्या नातेवाइकांत मोडतात आणि आपोआप प्रवर्तक समूहाचा भाग होतात. ज्या कंपन्यांत त्यांचा २० टक्के किंवा अधिक हिस्सा आहे, ज्या पेढ्यांत कुटुंबीयांचा मिळून तेवढा वाटा आहे, त्यांचीही नोंद करावी लागते. ही माहिती त्यांच्याकडून लेखी घ्यावी लागते. दुरावलेल्या भावाबहिणींनी माहिती देण्यास नकार दिल्यामुळे कंपन्यांना त्या नातेवाइकांना वगळण्यासाठी सेबीकडे सूट मागावी लागते. असे अर्ज होतात, पण त्यात वेळ जातो, सूट मिळेलच असे नसते, आणि घरातले भांडण मसुद्यात नोंदले जाते ते वेगळेच.

आणि सूत. काकांच्या पेढीकडून तुम्ही सूत घेता, म्हणजे तो संबंधित पक्षाशी झालेला व्यवहार ठरतो. मसुद्यासाठी एकाच पद्धतीने पुनर्मांडणी केलेल्या तीन आर्थिक वर्षांच्या हिशेबात त्या पेढीच्या नावापुढे प्रत्येक वर्षी किती रुपयांची खरेदी झाली, वर्षअखेरीस किती देणे राहिले, हे छापले जाईल. सेबीचा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारेल की त्याच काउंटचे सूत त्याच महिन्यात इतर पुरवठादारांकडून कोणत्या भावाने घेतले होते. तुमच्या खरेदी विभागात त्या काळातली कोटेशने जपून ठेवली असतील तर उत्तर एका पानात होईल. ती नसतील तर आजच शोधायला लागा. गिरण्यांकडून, दलालांकडून, ईमेलमधून जे मिळेल ते वर्षवार लावून ठेवा. भाव रास्त होता हे माहीत असणे आणि ते दाखवता येणे यांत मसुद्याच्या तपासणीच्या वेळी फार अंतर पडते, आणि नात्यातल्या व्यवहारात कागद ठेवायची आपल्याकडे सवय नसते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की मर्चंट बँकरशी करार करण्याच्या आधी वडिलांनी स्वतः काकांकडे जावे. वकिलाला पाठवू नये, तुम्हालाही पुढे करू नये. धाकट्या भावाकडे थोरल्याने जाणे आपल्याकडे सोपे नसते, हे मी जाणतो. परंतु इथे थोरल्याच्या हाती देण्यासारखे काहीतरी आहे आणि धाकट्याच्या हाती अडवण्यासारखे, तेव्हा बोलणे बरोबरीच्या पातळीवर होऊ शकते. खासगी कंपनीतल्या सव्वीस टक्के शेअरांचे काका आज काही करू शकत नाहीत. त्यांना बाहेरचा खरेदीदार नाही, त्यांची किंमत कुणी ठरवत नाही, लाभांश द्यायचा की नाही हे तुमचे संचालक मंडळ ठरवते. वाटणीचा वाद धुमसत राहण्यामागे हेही एक कारण असू शकेल. आयपीओमध्ये ऑफर फॉर सेलची सोय असते: वर्षभराहून अधिक काळ शेअर बाळगणारा भागधारक आपले काही शेअर त्याच किमतीला लोकांना विकू शकतो आणि त्याचे पैसे थेट त्याला मिळतात. ज्या भावाला आपला वाटा कमी लेखला गेला असे वाटते, त्याला बाजाराने ठरवलेली किंमत मिळण्याचा हा मार्ग आहे. ते बोलणे जमले, तर वाटणीचा वादही त्याच बैठकांच्या क्रमात लेखी तडजोडीने मिटवावा, आणि त्यांच्या नावावरची जुनी कागदी प्रमाणपत्रे अजून असतील तर ती डीमॅटमध्ये आणून घ्यावीत. वाद न्यायालयात गेलेला असेल तर त्याची माहितीही मसुद्यात द्यावी लागेलच.

आता ग्राहकाच्या आकड्यांबद्दल. तुमची धास्ती रास्त आहे आणि इथे गोपनीय मार्गाचा खरा उपयोग आहे. मसुद्यातल्या जोखमींच्या प्रकरणात सर्वांत मोठ्या ग्राहकाकडून, पहिल्या पाच आणि पहिल्या दहा ग्राहकांकडून तीन वर्षांत उत्पन्नाचा किती टक्के भाग आला, हे द्यावे लागते. नाव छापायला ग्राहकाची संमती नसेल तर बऱ्याच कंपन्या नाव न देता टक्केवारी देतात; तरी करूरचा किंवा पानिपतचा जाणकार स्पर्धक ती टक्केवारी आणि अमेरिकेचे नाव एकत्र वाचून ग्राहक ओळखू शकेल. नेहमीच्या मार्गाने मसुदा दाखल करून पुढे आयपीओ आणला नाही, तर ही माहिती कायमची बाहेर राहते आणि बदल्यात कंपनीला काहीच मिळत नाही. ओयोचे उदाहरण पाहा. त्या कंपनीने २०२१ मध्ये ८,४३० कोटी रुपयांच्या आयपीओसाठी उघड मसुदा दाखल केला, तो सेबीने परत पाठवला, नंतर २०२३ मध्ये कंपनीने गोपनीय मार्गाने पुन्हा मसुदा दिला आणि २०२४ मध्ये तोही मागे घेतला. पहिल्या मसुद्यातले हिशेब, जोखमी, खटले, सगळे लोकांनी वाचले होते. दुसऱ्यातले लोकांपुढे आले नाही. टाटा प्लेने हा मार्ग सर्वांत आधी वापरला, त्यांना सेबीचे अभिप्राय मिळाले, पण आयपीओ आला नाही, आणि त्यांचा मसुदाही लोकांपुढे आला नाही. उलट स्विगीने एप्रिल २०२४ मध्ये गोपनीय मसुदा दिला, सप्टेंबरमध्ये सुधारित मसुदा लोकांपुढे ठेवला आणि नोव्हेंबरमध्ये शेअरांची बाजारात नोंदणी झाली. आयपीओ होणार असेल तर स्पर्धकाला तुमचे आकडे कळणारच आहेत; पण ते कळतील तेव्हा तुमच्याकडे नव्या प्रोसेसिंग हाउसचे भांडवल असेल. आयपीओ सुधारित मसुद्याआधीच थांबला, तर ते आकडे कळणार नाहीत. गोपनीयतेची किंमत मोजायची ती एवढ्यासाठी.

तोपर्यंत एक काम जरूर करा. तुमच्या कंपनीचे वार्षिक ताळेबंद कंपनी निबंधकाकडे दाखल होतात आणि थोडे शुल्क भरून कुणीही ते पाहू शकतो. आज तिथे काय दिसते ते स्वतः काढून वाचा. घरात ज्याला गुपित समजले जाते त्यातले बरेचसे तिथे आधीच पडलेले असते, आणि ते वडिलांच्या पुढ्यात ठेवलेत तर चर्चा सोपी होईल. तसेच सोलापूरच्याच प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने २०१६ मध्ये आयपीओ आणला होता. त्याचे माहितीपत्रक सेबीच्या संकेतस्थळावर आहे. धंदा वेगळा असला तरी चिंचोलीच्या एमआयडीसीतल्या एका कुटुंबप्रवर्तित कंपनीला स्वतःविषयी काय काय सांगावे लागले, हे वडिलांना त्यातून चटकन कळेल.

गोपनीय मार्गाचा दुसरा उपयोग वेळेचा आहे आणि तुमच्यासारख्या निर्यातदाराला मी तो अधिक महत्त्वाचा मानतो. नेहमीच्या मार्गात सेबीचे अभिप्राय मिळाल्यापासून १२ महिन्यांच्या आत आयपीओ उघडावा लागतो. गोपनीय मार्गात १८ महिने मिळतात. सुधारित मसुदा मात्र १६ महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. नेहमीच्या मार्गात नव्या शेअरांच्या इश्यूचा अंदाजित आकार २० टक्क्यांहून अधिक बदलला तर मसुदा नव्याने द्यावा लागतो, तर गोपनीय मार्गात यूडीआरएचपी-१ च्या टप्प्यापर्यंत ५० टक्क्यांपर्यंतचा बदल चालतो. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले तेव्हा टॉवेलच्या निर्यातदारांची काय अवस्था झाली, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले असेल. ऑर्डरी थांबलेल्या असताना, ग्राहक भाव पाडून मागत असताना, बारा महिन्यांची मुदत संपते म्हणून शेअर विकायला काढणे म्हणजे कंपनीचे नुकसान. अशा वेळी आणखी सहा महिने हाती असणे, आणि प्रोसेसिंग हाउस दोन टप्प्यांत करायचे ठरल्यास रक्कम कमी करता येणे, हे सव्वा लाखाच्या मुठीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

तिसरी एक सवलत आहे, ती तुम्हाला कितपत उपयोगी पडेल याबद्दल मी साशंक आहे. गोपनीय मसुदा दिल्यापासून सेबीचे अभिप्राय येईपर्यंत कंपनीला म्युच्युअल फंड, विमा कंपन्या यांसारख्या पात्र संस्थात्मक गुंतवणूकदारांशी मर्यादित चर्चा करून त्यांचा कल जोखता येतो. मसुद्यात नाही असे काही त्या चर्चेत सांगता येत नाही, आणि कुणाकुणाशी बोलणे झाले त्याची यादी मर्चंट बँकरला सेबीकडे द्यावी लागते. मोठ्या कंपन्यांना याचा लाभ होतो. मध्यम आकाराच्या कापड कंपनीसाठी मोठे फंड या टप्प्यावर किती वेळ देतील, हे मर्चंट बँकरला थेट विचारा आणि त्याने अलीकडे तुमच्या आकाराच्या कोणत्या कंपन्यांसाठी असे केले, तेही विचारा.

तुमच्या परिचितांचा सल्ला या बाबतीत उपयोगाचा नाही. पूर्व-दाखल करण्याची ही सोय केवळ मुख्य बाजारातल्या आयपीओंसाठी आहे. एसएमई मार्गात मसुद्याची छाननी प्रामुख्याने शेअर बाजार करतात, परंतु मसुदा लोकांपुढे ठेवावाच लागतो. शिवाय २०२५ मध्ये तिथले नियम कडक झाले आहेत: ऑफर फॉर सेलचा वाटा इश्यूच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही आणि विकणाऱ्याला आपल्या जवळचे अर्ध्याहून अधिक शेअर विकता येत नाहीत. काकांना बाहेर पडायची वाट द्यायची असेल तर ही मर्यादा तुम्हाला आड येईल. मुख्य बाजारासाठी मागच्या तीन वर्षांत सरासरी किमान १५ कोटींचा कामकाजातला नफा, तिन्ही वर्षे नफा, आणि प्रत्येक वर्षी किमान ३ कोटींची निव्वळ मूर्त मालमत्ता व १ कोटीचे निव्वळ मूल्य (नेट वर्थ) लागते. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ते निकष तुम्ही पार करता असे दिसते. पुनर्मांडणी केलेल्या हिशेबात ते टिकतात का, हे लेखापरीक्षकांकडून आधी तपासून घ्या.

खर्चाची बाजूही वडिलांपुढे मोकळेपणाने ठेवा. मसुदा एकदा न होता तीनदा होतो. माहितीपत्रकातले हिशेब सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नसल्याने लेखापरीक्षकांना मधल्या काळाचे हिशेब पुन्हा करावे लागतात, वकिलांना पुन्हा वाचावे लागते, आणि दीड वर्ष ताणले तर तुमच्या लेखा विभागातली तीन-चार माणसे दुसरे काही करू शकत नाहीत. निर्यातीचा हंगाम कधी असतो हे पाहून दाखल करण्याची वेळ ठरवा.

गोपनीयता पाळायची शिस्त हा तुमचा, संचालक म्हणून, प्रत्यक्ष कामाचा भाग आहे. शेअर बाजारात येऊ घातलेल्या कंपनीची अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहितीही सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांच्या कक्षेत येते. कुणाला काय ठाऊक आहे याची नोंद ठेवा. मसुदा व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. घरातल्या ग्रुपवर, लग्नाकार्यात, रोटरीच्या जेवणात आयपीओचा विषय निघाला तर निवेदनात आहे त्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही, असे वडिलांना आणि मधल्या काकांना बजावून सांगा. धाकट्या काकांना सांगायचे म्हणजे त्यांनाही या यादीत घ्यायचे आणि तशी त्यांची सही घ्यायची. त्यांच्यावर हा विश्वास टाकणे त्यांना आवडेल असे मला वाटते. निदान अनेक वर्षांनी त्यांना कंपनीच्या आतल्या माणसासारखे वागवले जाईल.

कामगारांविषयी तुम्ही विचारलेत याचा मला आनंद वाटला, कारण अशा पत्रांत तो प्रश्न फारसा येत नाही. निवेदन छापून येईल त्या दिवशी पहिली पाळी सुरू होण्याआधी तुम्ही स्वतः खात्यांत जा आणि मराठीत व तेलुगूत, तुमच्या कामगारांची जी भाषा असेल तीत, निवेदनातला मजकूरच वाचून दाखवा. कंपनीने सेबीकडे मसुदा दिला आहे, आयपीओ येईलच असे नाही, आला तर सर्वांना कळवले जाईल, आणि यामुळे कुणाच्या नोकरीच्या अटी आज बदलत नाहीत. त्यापुढे शेअर मिळतील का, भाव किती, कधी, या प्रश्नांना उत्तर देऊ नका. या काळात इश्यूची जाहिरात ठरेल असे काही बोलायला नियमांची मनाई आहे, आणि मुकादमाने कुणाला ‘घेऊन ठेव, दुप्पट होतील’ असे सांगितले तर त्याची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते. मुकादमांना म्हणून आदल्या संध्याकाळी वेगळे बोलवा. कर्मचाऱ्यांसाठी काही शेअर राखून ठेवायचे का, हा निर्णय संचालक मंडळाने सुधारित मसुद्याच्या आधी घ्यायचा असतो. तो विषय पुढच्याच बैठकीच्या कार्यपत्रिकेवर तुम्ही स्वतः मांडावा.